हरीदीने न उभारलेला तंबू

७ मार्च १९८९, मंगळवार. कैरो

पोचलो! गाडी तीन तास उशिरा. दक्षिणेतल्या सोहागपासून बसून बसून गुडघ्यांची लाकडं झाली. रिफअत फलाटावर उभा होता. पांढरा शर्ट, केस आणखी विरळ झालेले. मला बघून हसला. आणि मी आधी त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघितलं. मुलाचा चेहरा नंतर.

"बाबा, डोळे दाखवायला आलात ना? मग असं चोरासारखं काय बघताय?"

पत्रात तसंच कळवलं होतं. डोळे दाखवायचे आहेत, आणि मरण्याआधी एकदा कैरो डोळे भरून बघायचंय. दोन्ही खोटं नाही. पण त्यासाठी मी आलेलो नाही.

सूनबाई इगलाल पिशवी घ्यायला पुढे झाली. मी दिली नाही. "सोनं आहे का काय आत?" म्हणाली. वर उन्हात फुगवलेल्या आपल्याकडच्या भाकरी आहेत, मडक्यात मुरलेलं चीज आहे. तळाशी ते.

चौथ्या मजल्यावरची खोली मला दिलीय. खाली रस्त्यावर इतका गलका की आपल्या गावात तेवढ्यात चार लग्नं उरकतील. शाळेतली एक कोरी हजेरीवही बरोबर आणलीय. तीस नावांच्या रेघा, नाव एकही नाही. त्यात लिहीन.

८ मार्च, बुधवार

एकदा सरळ मांडून ठेवतो. मनात सारखं फिरत राहतं, कागदावर तरी जागेवर बसेल.

गेल्या वर्षी जानेवारीत माझ्या भावाच्या मुलानं, मन्सूरनं, नौफलला गोळी घातली. पाण्याच्या पाळीवरून! कालव्याचं अर्ध्या तासाचं पाणी. नौफल बत्तीस वर्षांचा होता. मन्सूर तुरुंगात आहे. कोर्टाच्या दृष्टीनं मिटलं.

आमच्या दृष्टीनं नाही. रक्ताच्या बदल्यात तुरुंगातला माणूस हिशोबात धरत नाहीत. आणि खून करणाऱ्यालाच मारतात असंही नाही. त्या घराण्याला ज्याचा सगळ्यात जास्त अभिमान, तो निवडतात. आमच्या घराण्याला कोणाचा अभिमान आहे? अख्ख्या अबू-नखला गावात हाडांचा डॉक्टर झालेला एकच, रिफअत. त्याचा निकाल मी मशिदीच्या पायरीवर उभा राहून वाचून दाखवला होता. दोनदा. ज्यांनी पहिल्यांदा ऐकला नव्हता त्यांच्यासाठी पुन्हा.

मीच बोट दाखवलं.

नौफलच्या घरानं चौदा महिने झाले सांत्वन घेतलेलं नाही. कोणी दारात गेलं तर म्हणतात, "आमच्याकडे कोणी मेलेलं नाही." रक्ताचा निकाल लागेपर्यंत ते असंच म्हणणार. त्यांच्या घरात शब्द चालतो तो नौफलच्या काकाचा, हरीदीचा. हरीदी पन्नास वर्षं कैरोत आहे. कुठे, ते आम्हाला कोण सांगणार? सुईदोऱ्याचं काम करतो एवढंच माहीत. गावात त्यावरून हसायचे— पुरुषासारखा पुरुष आणि शिवतो!

शाळेत हरीदी माझ्याच बाकावर बसायचा. आमचे मास्तर शेख अब्दुल-बारी, त्यांनी इन्स्पेक्टर येणार म्हणून स्वतः एक कविता रचली. पहिली ओळ मी म्हणायची, दुसरी हरीदीनं. माझी होती—

नदी विचारी वाटसरूला, काय आणले गाठोड्यात?

दुसरी त्याची. साठ वर्षं झाली, आठवत नाही. आपली तेवढीच पाठ करायची, दुसऱ्याच्या ओळीकडे कोण लक्ष देतो!

पिशवीच्या तळाशी माझं कफन आहे. हजहून आणलेलं, मक्केतल्या झमझमच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं. ते दोन्ही तळहातांवर घेऊन, अनवाणी, उघड्या डोक्यानं हरीदीपुढे उभा राहीन. म्हणेन— यात मला गुंडाळ, नाहीतर माफ कर. रीत आहे आमची. त्यानं मान्य केलं तर रिफअत सुटला.

रिफअतला यातलं काही सांगितलेलं नाही. तो म्हणेल, "बाबा, कुठल्या जमान्यात राहता?" रोज त्याच रस्त्यानं, त्याच वेळेला हॉस्पिटलला चालत जातो. मी गॅलरीतून तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहतो.

९ मार्च, गुरुवार

इगलाल म्युझियमला घेऊन गेली. तिची जीभ कात्रीसारखी. राजांच्या ममींपुढे उभी राहून म्हणते, "बघा बाबा, तुमचे दक्षिणेकडचे लोक! तीन हजार वर्षं झाली, अजून कपाळावरची आठी गेली नाही." मी हसलो. खरंच हसलो.

बाहेर पायऱ्यांवर एक माणूस. आमच्याकडची पायघोळ गलाबिया, खांद्यावर करडी शाल, उजवा हात शालीत लपवलेला. आम्ही बसथांब्यावर गेलो तर तोही तिकडेच. बस आली, तो चढला नाही.

१० मार्च, शुक्रवार

नमाजात रिफअतच्या शेजारी नाही, बरोब्बर मागे उभा राहिलो. सज्द्यात डोकं टेकवताना पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवले. अल्लाह माफ करो.

१२ मार्च, रविवार

आज एकटा बाहेर पडलो. इगलालला सांगितलं, जुन्या पुस्तकांच्या भिंतीपाशी जातोय. गेलोही. भिंतीला टेकलेल्या फळ्या, धूळ, पिवळी पानं... तरुणपणी इथून उसने घेतलेले पैसे संपेपर्यंत कवितांची पुस्तकं घेऊन गेलो होतो. एक विकणारा म्हणाला, "घ्या हाजी, शाळेची जुनी वाचनमाला." चाळली. आमच्या शेखसाहेबांची कविता कशी असेल तिच्यात! ती फक्त आमच्या दोन तोंडांत होती. त्यातलं एक तोंड हरवलंय.

मग स्टेशनजवळच्या सोहागवाल्यांच्या चहाच्या दुकानात. तिथं सगळे आपलेच. बोली आपली, शिव्या आपल्या. जीव सुखावला. हरीदीचं नाव काढलं आणि डोमिनोच्या सोंगट्यांचा आवाजच थांबला.

"कोण विचारतोय?"

"शाळेतला मित्र."

मालकानं माझ्याकडे नीट बघितलं. "शाळेतला मित्र असाल तर चहा पिऊन सरळ घरी जा, उस्ताद. चहाचे पैसे नकोत."

उस्ताद म्हणाला! मी शाळेत मास्तर होतो हे मी त्याला सांगितलं नव्हतं!

१४ मार्च, मंगळवार

बोटीनं कनातिरला, नदीवरच्या जुन्या बंधाऱ्यापर्यंत. इगलालचा हट्ट. रिफअतनंही सुट्टी काढली, दोन्ही नाती बरोबर. बोटीवर ढोलकी, कॉलेजची मुलं नाचतायत, शेंगांची टरफलं पायाखाली. नाईलचं पाणी असं शांत, जणू गावाकडून काही आणलंच नाही.

नातींना मी माझी ओळ शिकवली. धाकटी म्हणाली, "आजोबा, मग नदीला उत्तर काय दिलं त्यानं?" मला सांगता येईना.

वळून बघितलं तर बोटीच्या मागच्या टोकाला करडी शाल. वाऱ्यानं शाल उडाली आणि हात दिसला— कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर! तो आमच्याकडेच बघत होता. माझ्याकडे नाही. रिफअतकडे. रिफअत धाकटीला कठड्यावर उचलून पाणी दाखवत होता, पाठ पूर्ण उघडी. मी धावत— या वयात धावत!— जाऊन त्याच्या पाठीशी चिकटून उभा राहिलो.

"काय झालं बाबा? गरगरतंय?"

"हो."

"मग बसा ना. इगलाल, लिंबू दे ह्यांना."

लिंबू चोखत उभा राहिलो. बसलो नाही. बोट धक्क्याला लागली तेव्हा तो उतरून गर्दीत गेला. परत येताना धुळीचं वारं सुटलं. सगळं शहर पिवळं. कोण मागे आहे, कोण नाही, काहीच दिसेना.

१५ मार्च, बुधवार

रिफअत चाळीस मिनिटं उशिरा आला. कोणाचा तरी पाय तुटला होता म्हणे. मी तोवर जिना नऊ वेळा उतरलो आणि चढलो.

१६ मार्च, गुरुवार

खालच्या मजल्यावरचे फरीद एफेंदी वारले. पोस्टात होते, भला माणूस. दुपारी गल्ली अडवून तंबू उभारला. लाल-निळ्या कापडाचे तुकडे शिवलेल्या मोठमोठ्या कनाती, आत सोनेरी खुर्च्यांच्या रांगा, कुराण वाचणारा शेख, कडू कॉफी. घरची माणसं दाराशी रांगेत. येणारा एकेकाचा हात हातात घेतो आणि म्हणतो— "त्यांचं राहिलेलं आयुष्य तुम्हाला लाभो."

किती वेळा ऐकलंय हे! नौफलच्या आईला हे अजून कोणी म्हणू शकलेलं नाही. तिच्या दारात तंबू नाही. आमच्याकडे खून झालेल्या माणसासाठी असा तंबू दोनच वेळा उभा राहतो, रक्त घेतल्यावर किंवा माफ केल्यावर. तिसरी वेळ नाही.

कनातीला हात लावून बघत होतो. टाका इतका बारीक की डोळे लावले तरी दिसेना. तंबूवाल्याला सहज विचारलं, हे शिवतं कोण?

"तंबूवाल्यांची गल्ली, झुवैला वेशीबाहेर. आणि हे तर म्हाताऱ्या हरीदीचंच काम. त्याचा टाका लपत नाही."

सुईदोरा! गावात हसत होते त्याला. मी तिथल्याच एका सोनेरी खुर्चीवर बसून राहिलो. लोकांना वाटलं फरीद एफेंदी माझे फार जवळचे होते.

१७ मार्च, शुक्रवार

इगलालनं कपडे धुवायला म्हणून पिशवी उपसली. मी आत आलो तर ती कफन मांडीवर घेऊन जमिनीवर बसलेली. रडतेय.

"बाबा, तुम्ही मरायला आलात इथं? डॉक्टरचं घर म्हणून? काय झालंय तुम्हाला? रिफअतला सांगितलंत?"

खोटं सुचलं नाही. सगळं सांगितलं. मन्सूर, नौफल, करडी शाल, हरीदी. ती ऐकत गेली, रडणं थांबलं, आणि मग जी भडकली!

"दहा दिवस! दहा दिवस मी तुम्हाला म्युझियम काय, बोट काय, आईस्क्रीम काय! आणि माझ्या नवऱ्याच्या मागे माणूस फिरतोय! तुम्हा लोकांची डोकी कशाची केलीयत? अर्ध्या तासाच्या पाण्यासाठी? इथं नळाला तीन तीन दिवस पाणी नसतं, आम्ही कोणाला मारलं का?"

मग तिनं कफनाची घडी घातली. कोपऱ्याला कोपरा जुळवून, इस्त्रीच्या कपड्यासारखी.

"उद्या मुली शाळेत गेल्या की निघू. मी येणार. तुम्हाला एकट्याला ती गल्ली सापडायची नाही."

१८ मार्च, शनिवार

आजच लिहायला हवं.

गल्ली वरून झाकलेली, अंधारी, दोन्हीकडे दुकानं. आत माणसं मांडी घालून शिवतायत. वर, बाजूला, सगळीकडे रंग. इगलाल म्हणाली, "मी समोरच्या दुकानात उशीच्या अभ्र्यांचा भाव करते. ओरडलात तर ऐकू येईल." घासाघीस करायला लागली आणि माझ्यावरची नजर हलवली नाही.

हरीदी जाड भिंगांच्या चष्म्यातून सुई ओवत होता. मान वर केली नाही.

"ये उस्ताद जाद. अकरा दिवस लागले तुला. बस."

पन्नास वर्षं! आणि आवाज तोच. नाकातून येणारा. मी बसलो. चहाचा ग्लास पुढे आला. हात लावला नाही. मागायला आलेला माणूस मागणं मान्य होईपर्यंत पीत नसतो. हरीदीनं ते बघितलं आणि सुई खाली ठेवली.

मी उठलो. चपला काढल्या. टोपी काढली. कफन काढून दोन्ही तळहातांवर घेतलं. पाठ केलेलं सगळं विसरलो. एवढंच बोललो— "हरीदी, हे घे, नाहीतर माफ कर."

आजूबाजूच्या दुकानांत शिवणं थांबलं. समोर इगलालचा भावही थांबला.

"टोपी घाल. पडसं होईल." मग म्हणाला, "हे कोणाचं?"

"माझं."

"तुझं घेऊन मी काय करू? चार वर्षांत तू असाही यात झोपणार. सुकलेली झावळी पुढे करतोस आणि खजुराचा घड पाठीमागे लपवतोस? तू मास्तर. तुला रीत मी शिकवायची? ज्याचं रक्त मागितलंय त्यानं आणायचं असतं. स्वतःच्या हातात. स्वतःच्या पायानं."

"त्यानं काहीच केलेलं नाही रे!"

"नौफलनं काय केलं होतं?"

मी कफन तसंच पुढे धरून उभा राहिलो.

दुकानाच्या आतल्या अंधारात कोणीतरी हललं. करडी शाल! नौफलचा धाकटा भाऊ, शाजली. हरीदी माझ्याकडे न बघता बोलत होता. "मीच लावलाय तुमच्या मागे. तू बापाचा जीव घेऊन आलायस की नुसता फिरायला, ते बघायचं होतं. त्याच्या आधी हा गेला होता हॉस्पिटलात, तुझा मुलगा कधी येतो, कुठून जातो ते बघायला. तिथंच जिन्यावरून घसरला. मनगट मोडलं. प्लास्टर कोणी घातलं विचार."

शाजली पहिल्यांदाच बोलला. "डॉक्टरसाहेबांनी गुरुवारी बोलावलंय. काढायला."

साहेब म्हणाला तो. डोळे मात्र जमिनीवर.

"हात मोकळा होईपर्यंत माझं ऐकीन असा शब्द दिलाय त्यानं," हरीदी म्हणाला. "पुढचं मी सांगत नाही. म्हातारा झालो, जाद. माझा शब्द आता दोरा आहे, दोरखंड राहिला नाही."

पाठीमागे फळीवर एक कनात घडी करून ठेवलेली. नवीन, लाल-निळी, दोरीनं बांधलेली. माझी नजर तिथं गेली हे त्याला कळलं.

"नौफलचा तंबू. चौदा महिने झाले शिवून. अख्ख्या कैरोच्या मयतींना तंबू दिले, घरचा बांधून ठेवलाय."

कफन पिशवीत परत घालताना घडी जमेना. चहा तसाच, वर साय आलेली. निघताना राहवलं नाही. म्हटलं, "हरीदी, शेखसाहेबांची ती ओळ... तुझी."

त्यानं दोरा दातानं तोडला. मला वाटलं, हाकलून देईल. टाका घालत घालत, सूर न लावता म्हणाला—

आणले ते ठेव किनारी, मोकळ्या हाती ये पाण्यात.

"जा आता," म्हणाला.

बसमध्ये इगलालनं एकदाच तोंड उघडलं. "रिफअतला मी सांगू की तुम्ही?"

१९ मार्च, रविवार

मीच सांगितलं. जेवणानंतर, मुली आत गेल्यावर.

त्याला पहिल्यांदा हसूच आलं. "माझा मनगटवाला? तो भला माणूस आहे बाबा! दुसऱ्या तपासणीला दोन किलो खजूर घेऊन आला. आपली बोली ऐकली म्हणून मी रांगेतून पुढे घेतलं होतं त्याला. नर्सची बोलणी खाल्ली त्यापायी."

मग हसू गेलं.

"मी कफन न्यायचं म्हणजे मी मारलं असं कबूल करायचं. मी आयुष्यात कोणाच्या थोबाडीत मारलेली नाही. दिवसभर तुटलेलं जोडतो मी. आणि अनवाणी जाऊन त्यांना सांगू— मारा मला?"

"पोलिसात जाऊ या," इगलाल म्हणाली.

"आज जाऊ. मग दहा वर्षं त्यांना बरोबर घेऊन फिरू?"

"मग गुरुवारी त्या माणसाचं प्लास्टर काढायचं नाही! दुसऱ्या डॉक्टरला सांग! राहू दे अडकलेला!"

"सहा आठवडे झाले की काढावंच लागतं, इगलाल. हात वाळतो."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज नुसता. मला म्हणायचं होतं, जा बाळा. मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस, पळून जा, कुवेतला जा, कुठंही जा. एकही वाक्य पूर्ण झालं नाही. एवढंच बोललो— मशिदीच्या पायरीवर मी तुझा निकाल वाचला होता. दोनदा.

"माहीत आहे," म्हणाला. "मी खांबामागे उभा होतो. लाज वाटत होती आणि जावंसंही वाटत नव्हतं."

२० मार्च, सोमवार

रिफअत त्याच वेळेला, त्याच रस्त्यानं गेला. मी मुद्दाम विनवलं, दुसऱ्या रस्त्यानं जा. "मग त्या रस्त्यावरच्या पावाच्या दुकानवाल्याला काय सांगू?" म्हणाला.

२१ मार्च, मंगळवार

आज आईचा दिवस. नातींनी इगलालला कागदी फुलं दिली, शाळेतलं गाणं म्हटलं. इगलालनं गाणं पूर्ण ऐकलं आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून बसली. नळाला पाणी नव्हतं.

मला नौफलची आई आठवली. तिला आज कोणी काय दिलं असेल?

२२ मार्च, बुधवार

रिफअतनं मला सकाळी गाडीत घातलं. "सक्काराला जाऊ. पायऱ्यांचा पिरॅमिड तुम्ही पाहिलाच नाहीत." दोघंच. इगलालला सांगितलं नाही की येऊ नकोस, पण ती आपणहूनच मागे राहिली.

वाळवंटाच्या कडेला खजुराची हिरवी पट्टी, आणि मग एकदम काहीच नाही. उंटवाले मागे लागले. "साहेब, बापाला बसवा उंटावर, म्हातारपणी राजा करून टाका!" रिफअत म्हणाला, "यांना राजा केलं तर हे कविता म्हणत बसतील, तुझ्या उंटाला झोप लागेल." उंटवाला खदाखदा हसला. किती दिवसांनी हे असं!

सावलीत बसलो. त्यानं विचारलं, "नौफल कसा होता?"

मला वाटलं होतं तो हरीदीचं विचारील, रस्त्याचं विचारील, बंदुकीचं विचारील. नौफल कसा होता!

सांगितलं. माझ्याच वर्गात होता, तिसऱ्या बाकावर. कवितेत शून्य. पाठ करताना डोळे मिटायचा आणि झोपायचा. पण कोणाचा कंदील बिघडला, रेडिओ बिघडला तर नौफलला बोलवा. माझ्या घड्याळाचा काटा त्यानं बसवलेला आहे. अजून चालतंय. बघ. मी त्याच्या मयतीला जाऊ शकलो नाही. त्याच्या आईला दोन शब्द बोलू शकलो नाही. माझा विद्यार्थी होता रे तो!

रिफअतनं माझं मनगट हातात घेतलं. नाडी बघतोय वाटलं. घड्याळ बघत होता.

मग बुटात वाळू गेली म्हणून त्यानं बूट काढले, मोजे काढले, आणि तसाच थोडा चालला. परत आला, लंगडत. "लहानपणी कालव्यापर्यंत अनवाणी जायचो बाबा. आता तळवे लोण्यासारखे झालेत."

मी म्हटलं, काटे असतील, घाल.

२३ मार्च, गुरुवार. सकाळ

इगलालनं हलवून उठवलं. रिफअत घरात नाही. हॉस्पिटलात फोन केला, आला नाही म्हणाले.

पिशवी उघडली. भाकरी केव्हाच संपल्या. मडकं रिकामं. तळाशी काही नाही.

त्याचे बूट दाराशी आहेत. दोन्ही. मोजे आत खोचलेले, शाळेतून आल्यावर खोचायचा तसेच.

दुपार

तंबूवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, एका बंद दुकानाच्या पायरीवर. वही हातातच राहिली होती, म्हणून लिहितोय. हात कशात तरी गुंतवायला हवा.

टॅक्सीतून उतरलो तेव्हा गल्ली अडवलेली होती. खांब रोवतायत. वर दोन माणसं चढलीयत आणि कनात खालून ओढून घेतायत. लाल-निळी. घडीच्या रेघा अजून गेलेल्या नाहीत.

चौदा महिने बांधून ठेवलेला तंबू उभा राहतोय.

दोनच वेळा उभा राहतो.

इगलाल म्हणाली, "इथंच बसा, हलू नका," आणि माणसांना ढकलत आत गेली. किती वेळ झाला? घड्याळ आहे हातावर. बघायची हिंमत नाही.

२४ मार्च, शुक्रवार

काल तंबूच्या दाराशी रांगेत हरीदी पहिला. दुसरा शाजली. मनगट मोकळं, पांढरंफटक, वाळलेलं. प्लास्टर तिथंच कापलं म्हणे, हरीदीच्या मोठ्या कात्रीनं, कफन मांडीवर असताना, आणि कापणारा एकदाही थरथरला नाही. तिसरा माणूस अनवाणी, टाचेला फडकं बांधलेलं. त्यांनीच त्याला घरच्या माणसांच्या रांगेत उभं केलं होतं.

मी रीतीप्रमाणे एकेकाचा हात धरत पुढे गेलो. तिसऱ्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि जे म्हणायचं असतं तेच म्हणालो—

"त्याचं राहिलेलं आयुष्य तुला लाभो."